ग्रिम्से की स्पिट्सबर्गेन : आर्क्टिकमधील बेट निवडताना

आर्क्टिकमधील एखादे विरळ वस्तीचे बेट पाहायचे ठरवले की आइसलँडचे ग्रिम्से आणि नॉर्वेच्या स्वालबार द्वीपसमूहातील स्पिट्सबर्गेन ही दोन नावे हमखास पुढे येतात. बहुतेक जण खर्च आणि अंतर पाहून निर्णय घेतात. माझ्या मते त्याआधी, बेटावर पोहोचल्यावर आपल्याला मनाप्रमाणे पायी फिरता येणार आहे का, हे पाहावे.

ग्रिम्से जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे असून तिथली वस्ती शंभराच्याही आत आहे. आइसलँडच्या उत्तर भागातील डाल्विक गावाहून बोटीने सुमारे तीन तासांत किंवा जवळच्याच अकुरेरी शहराहून छोट्या विमानाने अर्ध्या तासात तिथे पोहोचता येते, आणि उतरल्यापासून सारे बेट आपल्याला मोकळे असते. कड्यांच्या काठावरील गवतात बिळे करून राहणारे पफिन पक्षी साधारणपणे ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दिसतात. आर्क्टिक सुरय हे समुद्रपक्षी मात्र पिल्लांच्या काळात थेट डोक्यावर झेपावतात. म्हणून काठी डोक्यापेक्षा उंच धरून चालावे, म्हणजे पक्षी तिच्या टोकावर चोच मारतो. आर्क्टिक वृत्त याच बेटावरून जाते आणि पृथ्वीच्या अक्षाचा कल बदलत असल्याने ते दरवर्षी सुमारे 14-15 मीटर उत्तरेकडे सरकते. त्याची खूण म्हणून 2017 मध्ये बसवलेला आठ टनांचा काँक्रीटचा गोल त्यामुळेच वेळोवेळी हलवावा लागतो. हिमनद्या मात्र येथे नाहीत.

त्या पाहायच्या असतील तर स्पिट्सबर्गेनला पर्याय नाही. 78 अंश उत्तरेवरील लाँगयिअरबिएन या तिथल्या मुख्य गावात सुमारे अडीच हजार लोक राहतात, ओस्लोहून थेट विमान आहे आणि हॉटेले चांगली आहेत. पण गावाची हद्द संपली की ध्रुवीय अस्वलाला पळवून लावण्याचे साधन जवळ बाळगणे कायद्याने बंधनकारक आहे. प्रत्यक्षात पर्यटकाला बंदूकधारी वाटाड्यासोबत, गटाच्या चालीनेच फिरावे लागते. एका वस्तीतून दुसरीकडे जायला रस्ता नसल्याने उन्हाळ्यात बोट आणि हिवाळ्यात स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी मोटारगाडी) हीच साधने उरतात. शिवाय 2025 पासून अस्वलापासून किमान 300 मीटर, तर 1 मार्च ते 30 जून या काळात 500 मीटर अंतर राखावे लागते. अस्वलाला निवांत जगू देणारा हा नियम मला मनापासून योग्य वाटतो, मात्र जवळून छायाचित्रे काढण्याच्या आशेने जाणाऱ्याने तो आधीच लक्षात घ्यावा. भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र याच बेटावर, न्यू-ओलेसुंड येथे 2008 पासून आहे.

पहिल्यांदाच जाणाऱ्याला, विशेषतः वयस्कर आईवडील सोबत असतील तर, मी ग्रिम्सेच सुचवेन. तेही एका रात्रीच्या मुक्कामासह, कारण बोट परत फिरण्याआधीच्या थोड्या तासांत घाई होते. धुक्याने किंवा वाऱ्याने प्रवास रद्द होऊ शकतो, म्हणून पुढे एक दिवस मोकळा ठेवावा. स्पिट्सबर्गेनला जाणाऱ्या भारतीयांनी शेंगेन व्हिसा (युरोपातील अनेक देशांसाठीचा सामाईक व्हिसा) दोन प्रवेशांचा घ्यावा; स्वालबार शेंगेन क्षेत्राबाहेर असल्याने परतीच्या वाटेवर नॉर्वेत पुन्हा प्रवेश करावा लागतो. ग्रिम्सेसाठी एका प्रवेशाचा व्हिसा पुरतो.