शिवलेली नऊवारी: निऱ्या जमतात, ओचा हरवतो

लग्नसराईच्या आणि गौरी-गणपतीच्या आधी शिवलेली नऊवारी दोन तऱ्हांनी मिळते. एक तयार मापातली, दुसरी आपली साडी देऊन शिवून घेतलेली. सलवारीसारखी चढवायची, नाडी बांधायची, पदर खांद्यावर टाकायचा, की झालं. वेळ वाचतो यात वादच नाही. पण नऊवारीचं रूप ज्या घड्यांवर उभं असतं, त्या सगळ्या मशीनखाली सारख्याच साधत नाहीत. त्यात दुकानात निरी, चुणी, ओचा या सगळ्यांना सरसकट 'प्लेट्स' म्हणायची सवय झाली आहे. मागितलं एक, हातात आलं दुसरं, असं बहुतेक वेळा या एका शब्दामुळे होतं.

निऱ्या म्हणजे एकावर एक सपाट बसणाऱ्या, सारख्या रुंदीच्या घड्या. चुण्या म्हणजे दोरा ओढून गोळा केलेलं कापड, परकराच्या कमरेला असतं तसं. स्वस्तातल्या तयार नऊवारीत पुढे पुष्कळदा चुण्याच असतात. लांबून खपतात, पण चालताना पोटावर फुगवटा येतो आणि काठ एका रेषेत उतरत नाही. म्हणून सांगताना 'निऱ्या हव्यात, पाच इंची, सात' असं मोजून सांगावं. एका निरीला तिच्या रुंदीच्या दुप्पट कापड लागतं, म्हणजे सात निऱ्यांना 70 इंच, जवळजवळ दोन वार. नऊ वारांत हे सहज बसतं. सहावारीतून नऊवारी शिवायची तर एकूण कापड 216 इंच. पदराला अडीच वार, म्हणजे 90 इंच गेले की निऱ्या, कंबर आणि काष्टा मिळून 126 इंचांत भागवावं लागतं. मग निऱ्या पाचवर येतात. कमरेपासून चार-पाच इंचांपर्यंतच त्या टिपेने धराव्यात. टीप त्याखाली गेली की पाऊल आखडतं, आणि जिना चढताना पहिला ताण तिथेच येतो.

ओच्याच्या बाबतीत मात्र शिवलेली नऊवारी सपशेल कमी पडते. हातानं नेसताना निऱ्यांचा भाग उचलून कमरेशी खोचतात, तो ओचा. त्यानं पोटापाशी भरीवपणा येतो, आणि ओच्यात फुलं, सुपाऱ्या घेता येतात. शिवलेल्या नऊवारीत बहुतेक शिंपी त्या जागी एक वेगळा तुकडा दुमडून टाचतात. तो जिवंत वाटत नाही, बसलं की चपटा होतो. ज्यांना ब्राह्मणी पद्धतीचा ओचा हवाच आहे, त्यांनी फक्त काष्टा शिवून घ्यावा आणि निऱ्या व ओचा हातानं खोचावा. वेळ थोडा जास्त लागतो, पण नेसणं खरं दिसतं. आमच्या मते शिवलेल्या नऊवारीचा हाच सगळ्यात चांगला प्रकार आहे, आणि मागणाऱ्यांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय तो कुणी सुचवत नाही.

काष्ट्याची परीक्षा आरशात मागून करायची. काठ पाठीमागे मधोमध सरळ उतरला पाहिजे, कमरेपाशी त्याला पीळ पडता कामा नये. काठाला जोड दिला असेल तर नक्षी जुळते का, तेही पाहावं. खरी चूक होते ती आसनात, म्हणजे दोन पायांमधल्या शिवणीच्या भागात. माप घेताना कमरेच्या पुढच्या मध्यापासून दोन पायांमधून मागच्या कमरेपर्यंत टेप फिरवायची, तीही बसून. उभ्यानं घेतलेलं माप बसल्यावर अपुरं पडतं आणि पूजेला पाटावर बसताना शिवण उसवते. बसून आलेल्या मापावर दोन-तीन इंच सैल ठेवावेत आणि आसनाला दुहेरी टीप मागावी. कमरेला इलॅस्टिक नको. जड रेशमाच्या वजनानं ते खाली ओघळतं आणि सगळ्या निऱ्या तिरक्या होतात. रुंद पट्टी, तिच्यात नाडी आणि बाजूला दोन हूक, एवढं असलं की कंबर जागची हलत नाही. घेण्याआधी मांडी घालून बसून आणि वाकून नमस्कार करून पाहावं.

खरी पैठणी असेल तर 'न कापता शिवा' हे आधीच ठरवून घ्यावं. कापड दुमडून आत घेता येतं. मात्र टीप उसवली तरी रेशमावर सुईची भोकं राहतात, म्हणून ठेवणीतली साडी शिवायला न दिलेलीच बरी. इरकली किंवा सुती लुगडं या कामाला उत्तम: निरी धरून राहते, घसरत नाही.

नऊवारीबरोबर पुष्कळ ठिकाणी केसांचा संचही देतात. तिथेही शब्द सांभाळावा लागतो. 'वेणी' म्हटलं तर कुणी अबोली-शेवंतीची, माळायची वेणी पाठवतं, कुणी केसांची. केसांची हवी असेल तर 'गंगावन' म्हणावं आणि ते सुटं घ्यावं. आधीच विणलेलं गंगावन मानेपाशी बांधलं की ओझ्यानं खाली सरकतं आणि जोड उघडा पडतो. सुट्या गंगावनाचे तीन पेड असतात. आपल्या केसांची तिपेडी वेणी दोन वेढे घालून घ्यावी, मग आपल्या एकेका पेडात गंगावनाचा एकेक पेड मिसळून पुढे विणावं. ओझं तिन्ही पेडांवर वाटलं जातं. त्या दिवशी केसांना तेल नको, पकड सुटते. नायलॉनचं गंगावन उजेडात चमकतं आणि केसांच्या गरम इस्त्रीनं वितळतं. खऱ्या केसांचं महाग पडतं, पण रंग जुळतो. अंबाडा घालायचा असेल आणि केस खांद्याखाली असतील तर गंगावन घ्यायचं कारणच नाही.

घरी आणल्यावर एक अडचण उरते. साडीची घडी मोडली की पुन्हा घालता येते, शिवलेल्या नऊवारीची घालता येत नाही. निऱ्या लांब टाक्यांनी तळापर्यंत टाचाव्यात आणि सुती पंच्यात गुंडाळून सैल वळकटी करावी. जरीच्या काठावर दुमड पडू देऊ नये, एकाच जागी दुमडलेली जर पुढे तुटते. इस्त्री उलट्या बाजूनं, मंद, वर सुती फडकं टाकून करावी. टाचलेले टाके नेसायच्या दिवशीच काढावेत, तेही खालून वर.