खपली गहू: वर्षभर दळून खाल्ल्यानंतर

घरात खपली सुरू झाली ती सासऱ्यांच्या साखरेपायी. पहिल्या पाकिटावर ‘अँटिऑक्सिडंटचा खजिना’ आणि ‘ग्लुटेनमुक्त’ असं ठळक छापलं होतं. दुसरा दावा तर साफ खोटा. खपली हा गहूच, त्यात ग्लुटेन, म्हणजे कणकेला चिवटपणा देणारं प्रथिन, असतंच, फक्त खपलीत त्याला चिवटपणा कमी. ज्यांना सिलिअ‍ॅकचा त्रास आहे, म्हणजे ग्लुटेन सोसत नाही, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

हा चिवटपणा कमी म्हणजे काय, ते पोळपाटावर कळतं. लोकवनची, म्हणजे नेहमीच्या चपातीच्या गव्हाची, कणीक ताणली की मागे येते, खपलीची तुटते. पातळ लाटायला गेलं की कडा फाटतात. कणीक सैलसर मळून अर्धा तास झाकून ठेवली तर बरंच जमतं, पण घडीच्या चपातीला मजा नाही. आता रोजच्याला निम्मं लोकवन घालते. तांबड्या रश्श्याच्या दिवशी खपलीचं नावच काढत नाही, भाकरी बरी. चव मात्र गोडसर, खमंग, आणि दोन चपात्यांत पोट भरतं.

अँटिऑक्सिडंटचं म्हणाल तर गव्हात मुख्य असतं ते फेरुलिक आम्ल. ते बहुतेक कोंड्यात, तंतूंना घट्ट चिकटलेलं. त्यातलं बरंचसं थेट मोठ्या आतड्यात पोचतं आणि तिथले जिवाणू थोडंफार सुटं करतात. साध्या गव्हाच्या कोंड्यातही ते असतंच. म्हणजे महागाची खपली आणून पीठ बारीक चाळणीने चाळायचं आणि कोंडा म्हशीला घालायचा, तर फायदा म्हशीचा! सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. गिरणीवालाही दर वेळी विचारतो, “वैनी, एकदम बारीक काढू न्हवं?” जरा भरडच काढायला सांगते, आणि थोडं थोडं दळते, कोंड्यासकटचं पीठ उन्हाळ्यात लवकर खवट होतं.

सासऱ्यांची तीन महिन्यांची साखर थोडी उतरली, हे खरं. पण त्याच काळात ते रोज रंकाळ्याला चालायला लागले आणि जेवणातली एक चपातीही कमी झाली. सगळं श्रेय खपलीला द्यायला मी तयार नाही. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच.

खरी वसूल होते ती खिरीत. सडलेली, म्हणजे कांडून टरफल काढलेली, खपली रात्रभर भिजवायची, कुकरला चांगली मऊ शिजवायची, मगच गूळ. आधी घातला तर दाणे आकसून कडक राहतात. वर ओलं खोबरं, जायफळ, वेलची, थोडी भाजलेली खसखस. दाणा फुटतो पण विरघळत नाही, दाताखाली लागतो. लोकवनची खीर गिचका होते. बन्सी गव्हाची त्यातल्या त्यात बरी, आणि का नसावी, बन्सी आणि खपली भाऊबंदच: दोघांत 28 गुणसूत्रं, लोकवनमध्ये 42.

घेताना एक बघा. खपलीचं टरफल मळणीत सुटत नाही, वेगळं कांडावं लागतं, आणि त्यात वजनाचा साधारण पाव भाग जातो. तेव्हा टरफलासकट स्वस्त दिसणारा माल हिशोबाला तितका स्वस्त पडत नाही. पण टरफलात कीड कमी लागते, म्हणून वर्षाचा साठा करणाऱ्यांनी तसाच घ्यावा आणि लागेल तसा सडून आणावा. आम्ही यंदा शिरोळ भागातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून तसाच घेतलाय. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारातही मिळतो, फक्त मूठभर हातात घेऊन तुटका दाणा किती आहे ते बघून घ्या.