मास्कवाला स्पेसर : आठ महिने रोज वापरल्यावर

तीन वर्षांच्या मुलाच्या दम्याच्या पंपासाठी, दिवसातून दोनदा वापरलेला लहान आकाराचा, झडपेचा स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी. पंप थेट तोंडात मारला तर बरंचसं औषध घशावर आपटून तिथेच राहतं, आणि फवारा व श्वास यांची वेळ जुळवणं एवढ्या लहान मुलाला जमत नाही. ती अडचण स्पेसर चोख सोडवतो. उरलेल्या तक्रारी बहुतेक वापराच्या आहेत.

सगळ्यात मोठी गोम स्थिर विजेची. साधा प्लास्टिकचा नवा स्पेसर खोक्यातून काढून तसाच वापरला की औषधाचे कण नळीच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि ‘पंप लागूच पडत नाही’ असं वाटतं. आधी कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून सुटे भाग बुडवा, हलवा आणि उभे करून निथळू द्या. मास्क साध्या पाण्याने धुवा. नळी परत विसळायची गरज नाही. आतून फडकं फिरवू नका, घासलं की वीज परत आलीच. वाळायला रात्र जाते, म्हणून रात्रीच्या डोसनंतर धुणं सोयीचं. पुढे महिन्यातून एकदा हेच. अँटिस्टॅटिक प्लास्टिकच्या स्पेसरला ही पहिली अंघोळ लागत नाही, पण तो महाग पडतो.

दुसरी गोम मास्कची. नाक आणि तोंड दोन्ही झाकून तो गालांना घट्ट बसला पाहिजे. थोडी फट राहिली तरी डोस बराच कमी होतो. मूल मांडीवर ताठ बसवा, पंप जोरात हलवा, मास्क लावा, एकच फवारा द्या आणि झडप पाच-सहा वेळा हलेपर्यंत मास्क धरून ठेवा. दुसरा फवारा अर्ध्या मिनिटाने, पंप पुन्हा हलवून. दोन फवारे एकदम मारले तर कण एकमेकांना आणि नळीला चिकटून वाया जातात. रडणाऱ्या मुलाला देऊन उपयोग कमी : रडताना श्वास जास्त वेळ बाहेर आणि क्षणभरच आत जातो. दिवसभर बाहुलीला ‘पंप’ देण्याचा खेळ इथे खरंच कामी येतो.

स्टेरॉइडच्या पंपानंतर तोंड पुसा आणि पाणी पाजा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरू शकते.

धाप लागलेली असताना बरगड्यांमध्ये खड्डे पडत असतील, मुलाला धड बोलता किंवा पिता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील तर लगेच हॉस्पिटल गाठा; लगेच आराम देणारा पंप (श्वासनळ्या मोकळ्या करणारा, स्टेरॉइडचा नव्हे) वाटेत चालू ठेवा.

उणीव एकच, पण चीड आणणारी : सोबत झाकण नाही. पिशवीत ठेवला की आत कचरा जातो आणि तो थेट श्वासात. वापरण्याआधी उजेडात धरून बघावं लागतं. आठव्या महिन्यात झडपेची कड वाकडी झाली, ती आता नीट मिटत नाही. मास्क सुटा मिळतो, झडप नाही, म्हणजे अख्खा स्पेसरच बदलायचा.