पेरणी यंत्राचे प्रेसचे पार्ट कोणाकडून घ्यावेत? तालुक्याचं वर्कशॉप, लेझरवाला, एमआयडीसी की वाळूज

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याजवळ माझं पेरणी यंत्रं आणि डवरे बनवायचं छोटं युनिट आहे. आमच्या भागातली बरीच तरुण मुलं आता या धंद्यात उतरत आहेत आणि त्यांचा पहिला फोन हमखास एकाच कामासाठी येतो. "भाऊ, तुमी चकत्या अन् ब्रॅकेट कोनाकून मारून घेता?" फोनवर या प्रश्नाचं उत्तर अर्धंच राहतं. नाव सांगितलं की समोरचा तिकडे पळतो, आणि माझ्या कामाला जुळलेला माणूस त्याच्या कामाला जुळेलच असं नाही. म्हणून सगळा हिशेब एकदा मांडून ठेवतो.

तुलना हवेत नको, म्हणून एकच पार्ट धरू. चाकाकडून बियाण्याच्या शाफ्टला फिरवणारी फ्लॅंज, आम्ही तिला चकतीच म्हणतो. 3 मिमी जाड, 90 मिमी व्यास, मधोमध 25 मिमीचं छिद्र, भोवती बोल्टसाठी 9 मिमीची चार छिद्रं. मला हंगामाला 2000 लागतात. ही चकती बनवून देणारे चार प्रकारचे लोक आपल्या आवाक्यात आहेत: तालुक्याच्या गावातलं वर्कशॉप, शहरातला लेझर कटिंगवाला, नागपूर-अमरावती-अकोला-खामगावच्या एमआयडीसीतला मध्यम प्रेसवाला (साच्यानं ठोका मारून पत्रा कापणारा), आणि वाळूज किंवा चाकणचा गाड्यांचे पार्ट करणारा मोठा कारखाना.

चौघांचे दर मागवले तर सगळ्यात कमी दर बहुतेक वेळा गावातल्या वर्कशॉपचा येतो. मीही सुरुवातीला तिथेच गेलो. जवळचा माणूस, अडल्या वेळी रात्री दार वाजवलं तरी उठणारा, उधारीला हो म्हणणारा. त्याच्याकडे 50 टनाची पावर प्रेस होती. डायचे, म्हणजे कापायच्या साच्याचे, पैसे मी दिले, चकत्या आल्या, रंग देऊन यंत्रांना बसवल्या. जूनमध्ये एका गावाहून फोन आला की सोयाबीन एका तासात (ओळीत) दाट पडतंय आणि शेजारच्या तासात विरळ. मी शेतात जाऊन यंत्र जॅकवर उचललं आणि चाक हातानं फिरवलं. चकती शाफ्टवर लंगडत फिरत होती. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला तर मधलं छिद्र एका बाजूला पाऊण मिमी सरकलेलं. घरी येऊन उरलेल्या चकत्या मोजल्या, तर कुठे अर्धा मिमी, कुठे एक मिमी फरक. त्या वर्षी चार गावं फिरून चकत्या बदलून दिल्या. शेतकऱ्याची पेरणी दुसऱ्यांदा होत नाही, म्हणून ती गोष्ट अजून मनातून जात नाही.

चूक त्याच्या हाताची नव्हती. ती टनांच्या हिशेबात होती आणि तो हिशेब ऑर्डर देण्याआधी मीच करायला हवा होता. पत्रा कापायला किती जोर लागतो हे काढणं सोपं आहे: कापाची एकूण लांबी गुणिले जाडी गुणिले पत्र्याची कातर-ताकद. साध्या माइल्ड स्टीलसाठी ही ताकद साधारण 350 न्यूटन प्रति चौरस मिमी धरतात. चकतीचा बाहेरचा परीघ 283 मिमी. 283 गुणिले 3 गुणिले 350 म्हणजे सुमारे 2 लाख 97 हजार न्यूटन, म्हणजेच 30 टन. मधल्या छिद्राला साडेआठ टनांच्या आत, चार बोल्टच्या छिद्रांना मिळून 12 टन. सगळं एकाच ठोक्यात मारायचं तर बेरीज 51 टनांजवळ जाते, आणि प्रेसवर वरचा 25-30 टक्के वाव ठेवायचा म्हटलं तर 65 टनांची प्रेस लागते. त्याच्याकडे 50 टनांची. मग त्यानं बरोबरच केलं, आधी गोल चकती मारली आणि नंतर तीच चकती दुसऱ्या डायमध्ये ठेवून छिद्रं मारली. पण दुसऱ्यांदा ठेवताना चकती स्टॉपरला नीट टेकली नाही, किंवा मधे कापाचा कचरा अडकला, की छिद्र सरकलंच. एका ठोक्यात बाहेरचा गोल आणि आतली छिद्रं दोन्ही मारणाऱ्या कंपाउंड डायमध्ये हा प्रश्न उरत नाही, कारण दोन्हींचं माप डायमध्येच एकमेकांशी बांधलेलं असतं.

म्हणून कोणाकडेही जाण्याआधी आपल्या पार्टचे टन कागदावर काढून न्या आणि समोरच्याला विचारा, किती ठोक्यांत मारणार? हा एक प्रश्न दरापेक्षा जास्त सांगून जातो.

याचा अर्थ गावातलं वर्कशॉप बाद, असा नाही. 5 मिमीच्या पट्टीचा एल ब्रॅकेट, दोन छिद्रं, एक बाक (वळण), माप एक मिमी इकडे-तिकडे झालं तरी चालतं. हे काम मी आजही गावातच देतो. वखराच्या पासेचे क्लॅम्प, वॉशर, पट्ट्या, दुरुस्तीला लागणारे सुटे नग, यासाठी नागपूरची वारी करणं परवडत नाही. फक्त पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसतो, हे धरूनच तारीख घ्यायची.

लेझरवाला नवीन माणसासाठी सगळ्यात चांगला, हे माझं ठाम मत आहे. त्याला डाय लागत नाही. ड्रॉइंगची फाइल द्या, पन्नास नग कापून घ्या, यंत्राला लावून बघा, छिद्र दोन मिमी सरकवायचं असेल तर फाइल बदला. डाय एकदा बनली की हेच बदल महागात पडतात. माप अचूक येतं, चकती लंगडत नाही. पण दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, तो ऑक्सिजनवर कापतो की नायट्रोजनवर. ऑक्सिजनवर कापलेल्या माइल्ड स्टीलच्या कडेवर ऑक्साइडचा पापुद्रा राहतो, त्यावर पावडर कोटिंग धरत नाही, आणि दुसऱ्या पावसाळ्यात कडेनंच गंज सुरू होतो. कडा घासून घ्यायची मजुरी दरात धरा. दुसरी, लेझर फक्त कापतो. चेनगार्डला खोलगट आकार द्यायचा असेल किंवा पत्र्यावर उठाव हवा असेल, तर प्रेसशिवाय इलाज नाही.

लेझर सोडून डायवर कधी जायचं, हा साधा भागाकार आहे. आकडे फक्त समजण्यासाठी धरतो, तुमचं कोटेशन तुम्ही घाला. पत्रा सोडून नुसत्या कापाईचे समजा लेझरला 14 रुपये नग, प्रेसला 4 रुपये, आणि डायचे 40,000. फरक दहा रुपयांचा, म्हणजे 4000 नगांनंतर डाय फिटली. माझ्या 2000 च्या हिशेबानं दोन हंगाम. हे ठीक आहे. पण ज्याला वर्षाला सातशे लागतात त्याला जवळपास सहा वर्षं लागतील, आणि तोवर यंत्राचं डिझाइन बदललेलं असेल. त्यानं डाय करूच नये.

माझ्या चकत्या आता एमआयडीसीतल्या एका मध्यम प्रेसवाल्याकडे होतात. 100 टनाची प्रेस, स्वतःची टूलरूम (डाय बनवायची-दुरुस्त करायची जागा), वीस-पंचवीस कामगार. टूलरूम स्वतःची असणं मला प्रेसच्या टनांइतकंच महत्त्वाचं वाटतं. पंचची (डायच्या पत्र्यात शिरणाऱ्या भागाची) कड बोथट झाली तर त्याच दिवशी काढून ग्राइंड करून परत लागते. डाय बाहेर दुरुस्तीला पाठवणाऱ्याकडे तीच गोष्ट आठवडा खाते, आणि मे महिन्यातला एक आठवडा म्हणजे आपला अर्धा धंदा.

तिथे गेलात की ऑफिसात चहा घेण्याआधी मशीनकडे चला आणि मारलेला एक नग हातात घ्या. कापाची कड उजेडात तिरपी धरा. चांगल्या कापात वरचा साधारण एक तृतीयांश भाग चकचकीत आणि सरळ दिसतो, खालचा खडबडीत, तुटल्यासारखा. चकचकीत पट्टा एका कडेवर दोनदा दिसला तर पंच आणि डायमधली फट कमी आहे, डाय लवकर घासेल. कड गोलसर होऊन खाली धारदार बर (पत्र्याची सुटलेली कोर) लोंबत असेल तर फट जास्त आहे किंवा डाय बोथट झाली आहे. 3 मिमीच्या माइल्ड स्टीलला दर बाजूला 0.15 ते 0.25 मिमीच्या आसपास फट लागते. डाय कोणत्या स्टीलची हेही विचारा. डी-2 हे डायचं स्टील घेऊन 58 ते 60 एचआरसीपर्यंत (हे कडकपणाचं माप) कडक केलेली डाय हजारो ठोके सहज काढते, पण कडक न करताच दिलेली डाय पहिल्याच हंगामात बर टाकू लागते.

आणि ऑपरेटरचे हात बघा. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही का? पुढे जाळी किंवा गार्ड आहे का? चिमट्यानं नग काढतात की बोटानं? एका ठिकाणी दर चांगला होता, नग चांगले होते, पण प्रेसवरच्या माणसाची दोन बोटं नव्हती आणि तरी तो पायानं पॅडल दाबत हातानंच पत्रा सरकवत होता. मी तिथे ऑर्डर दिली नाही. आपल्या चकतीसाठी कोणाचं बोट जाऊ नये, एवढं तरी आपण पाहू शकतो.

वाळूज-चाकणच्या मोठ्या कारखान्यांबद्दल थोडक्यात. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी सुरू झाला तेव्हापासून आपल्याला छत्रपती संभाजीनगर जवळ आलं आहे, कारंजा लाडला चढलं की रस्ता सरळ. तिथलं काम उत्तम असतं. प्रोग्रेसिव्ह डाय (एकाच डायमध्ये टप्प्याटप्प्यानं पार्ट तयार होतो), कॉइलवरून आपोआप सरकणारा पत्रा, आयएटीएफ 16949 ची (गाड्यांच्या पार्टसाठीच्या दर्जाच्या मानकाची) पद्धत, प्रत्येक लॉटचा तपासणी अहवाल. पण त्यांची व्यवस्था लाखांच्या नगांसाठी बसवलेली आहे. 2000 चकत्यांसाठी डाय चढवणं-उतरवणंच त्यांना जड जातं, आणि गाडीच्या कंपनीची ऑर्डर आली की आपला माल मागे पडतो. वर्षाला पन्नास हजारांच्या वर एकच पार्ट लागत असेल तरच तिकडे बघा.

आता पत्र्याचं. तुलना करताना सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते, कारण दर नगावर लिहिलेला असतो आणि पत्रा कोणता ते लिहिलेलं नसतं. कोटेशनवर आयएस 2062 ई250 किंवा आयएस 1079 चा एचआर (गरम रोलिंगचा) पत्रा असं स्पष्ट लिहून घ्या, खोल ओढायच्या पार्टला आयएस 513 चा सीआर (थंड रोलिंगचा). मिलचं टेस्ट सर्टिफिकेट आणि त्यावरचा हीट नंबर (स्टीलच्या त्या घाण्याचा क्रमांक) मागा. जाडी वजनकाट्यावर कळते. 1250 बाय 2500 ची 3 मिमी शीट 73.6 किलो भरते. 69 किलोच भरली तर ती 2.8 ची आहे. ब्रॅकेटला बाक द्यायचा असेल तर रोलिंगच्या दिशेला आडवा द्या. दिशेच्या समांतर दिला की बाहेरच्या बाजूला बारीक तडे जातात. ते रंगाखाली झाकले जातात आणि शेतात दगड लागला की उघडे पडतात.

भंगाराचाही हिशेब आधी ठरवा. एका शीटमधून 98 मिमीच्या बारा पट्ट्या निघतात, प्रत्येकीतून 26 चकत्या, म्हणजे 312. मला 2000 साठी सात शीट लागतात, वजन 515 किलो. तयार चकत्या भरतात 264 किलो. उरलेला अडीचशे किलो पत्रा कोणाचा? दर कमी सांगणाऱ्यानं तो आपल्या खिशात धरलेला असतो. पत्रा तुम्ही चलनावर देत असाल तर जीएसटीच्या नियमानं जॉबवर्कला (आपल्या मालावर काम करून घ्यायला) दिलेला माल एका वर्षात परत यायला हवा, तारीख लिहून ठेवा. डायला मात्र ही परत आणण्याची मुदत लागू नाही.

आणि ती डाय कोणाची, हे कागदावर. पूर्वी एकानं मला सांगितलं होतं, "डाय आमच्याकडंच राहू द्या ना भाऊ, तुमाले कायले पायजे?" मी राहू दिली. एप्रिलमध्ये त्यानं दर वाढवला आणि डाय मागितली तर दिली नाही. आता डायचं बिल माझ्या नावानं वेगळं घेतो, डायवर माझ्या युनिटचं नाव पंच करून घेतो, आणि ऑर्डरमध्ये लिहितो की मागितल्यावर सात दिवसांत परत. त्याची बाजूही सांभाळायची असते. तो सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानं 45 दिवसांच्या पुढे पैसे अडवता येत नाहीत, अडवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. शेतकऱ्याचे पैसे आपल्याला दिवाळीत कापूस विकल्यावर येतात हे खरं, पण ते ओझं प्रेसवाल्यावर टाकून त्याच्याकडून वेळेवर मालाची अपेक्षा करता येत नाही.

वेळेचा हिशेब मृगापासून मागे मोजत या. डाय बनवून, कडक करून, सॅम्पल पास व्हायला महिना-दीड महिना धरा. संक्रांतीला ऑर्डर, होळीच्या आसपास सॅम्पल, गुढीपाडव्यानंतर माल, अक्षय तृतीयेला यंत्रं तयार. माल पावसात येणार असेल तर तेल लावून प्लास्टिकमध्ये बांधायला सांगा, सीआर पत्रा एका रात्रीत लाल होतो.

यंदा माझी वाटणी अशी आहे: चकत्या एमआयडीसीत, ब्रॅकेट आणि क्लॅम्प गावात, नव्या मॉडेलचे सगळे पार्ट लेझरवर, पुढच्या वर्षी खप बघून डाय ठरवीन. प्रत्येक लॉटचा पहिला नग मी स्वतः जाऊन मोजतो. मधल्या छिद्रापासून चारही बाजूंची कड व्हर्नियरनं बघतो, आणि बरोबर असेल तर त्यावर मार्करनं तारीख घालून प्रेसवाल्याची आणि माझी सही करतो. तसाच दुसरा नग त्याच्या टेबलात राहतो आणि पहिला माझ्या कपाटात.