हॅना एचआय ७३६: खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतलं, शेवाळ पोसणारं फॉस्फेट मोजायचं यंत्र कोल्हापुरात कितपत कामाचं?

पडद्यावर '२३' येतं. हे ०.२३ नव्हे आणि फॉस्फेटही नव्हे. हॅनाचं हे बोटभर यंत्र फॉस्फरस दाखवतं, तेही पीपीबीमध्ये, म्हणजे अब्जात किती भाग यात. त्याला ३.०६६ ने गुणायचं आणि १००० ने भागायचं, मग २३ चे होतात ०.०७ पीपीएम (दशलक्षात भाग) फॉस्फेट. प्रवाळ असलेल्या टाकीला ०.०३ ते ०.१० चालतं, म्हणजे पडद्यावर साधारण १० ते ३३. हे दोन आकडे टाकीच्या काचेवर मार्करने लिहून ठेवले की रोजची आकडेमोड वाचते. हा गुणाकार माहीत नसल्यामुळेच बरेच जण २३ पाहून घाबरतात आणि फॉस्फेट काढणारं औषध दुप्पट घालून बसतात.

रंग बघून मोजायच्या किटपेक्षा हे यंत्र का घ्यायचं, तर ०.०३ आणि ०.१० मधला निळा फरक डोळ्याला धड कळत नाही. ट्यूबलाइटखाली एक दिसतो, खिडकीपाशी दुसरा. यंत्राची रेंज ० ते २०० पीपीबी आहे आणि कंपनीच अचूकता सांगते ती ±५ पीपीबी, अधिक वाचनाच्या ५ टक्के. याचा हिशेब करून बघा: २३ आलं तर खरा आकडा १७ ते २९ मध्ये कुठेही असू शकतो. ५ आलं तर ते शून्यही असेल आणि १०ही. म्हणून काल ८ होतं, आज ४ आलं यावर नाचू नये आणि रडूही नये. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, खाद्य टाकायच्या आधी मोजायचं आणि चार आठवड्यांचा कल बघायचा. या यंत्राची किंमत त्या कलात आहे, एकट्या आकड्यात नाही.

मोजायची पद्धत पुस्तिकेत आहेच, पण चुका नेमक्या कुठे होतात ते तिथे कळत नाही. काचेची कुपी टाकीच्याच पाण्याने तीनदा विसळा, १० मिलिच्या रेषेपर्यंत भरा, झाकण लावा आणि बाहेरून मऊ, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा. यंत्र चालू केलं की 'सी१' दिसतं. कुपी आत ठेवून बटण दाबलं की शून्य धरलं जातं आणि 'सी२' येतं. आता कुपी बाहेर काढून एक पाकीट पावडर टाकायची. पाकीट एका बाजूने फाडलं की थोडी पावडर कोपऱ्याच्या घडीत हमखास अडकते आणि आकडा कमी येतो. तीन बाजू कात्रीने कापा, पाकीट पन्हळीसारखं दुमडा आणि टिचकी मारत रिकामं करा. मग दोन मिनिटं कुपी हलक्या हाताने हलवत राहा. सरबताच्या बाटलीसारखी घुसळलीत तर बारीक बुडबुडे काचेला चिकटतात, ते प्रकाश अडवतात आणि आकडा फुगतो. न विरघळलेले पांढरे कणही तेच करतात. बुडबुडे दिसले तर कुपी दोन-तीनदा सावकाश उलटीसुलटी करून काचेवर बोटाने टकटक करा.

यानंतरची चूक सगळ्यांत जास्त होते. कुपी आत ठेवल्यावर बटण नुसतं दाबायचं नाही, दाबून धरायचं. धरलं की तीन मिनिटांची उलटी मोजणी सुरू होते. नुसतं टिचकावलं की यंत्र त्याच क्षणी वाचून मोकळं होतं, आणि रंग तोवर पुरता चढलेला नसल्याने आकडा कमी येतो. 'माझ्या टाकीत फॉस्फेट शून्यच असतं' म्हणणाऱ्यांनी आधी आपलं बोट तपासावं.

एकच कुपी दोन्ही वेळेला वापरा आणि तिच्यावरची खूण दोन्ही वेळेला त्याच बाजूला ठेवा. काचेवरचा ओरखडा किंवा बोटाचा ठसा एवढ्या लहान आकड्यांत सहज काही पीपीबी इकडेतिकडे करतो. कुपी साबणाने किंवा भांड्याच्या पावडरीने धुवायची नाही, त्यात फॉस्फेट असू शकतं. काम झालं की लगेच शुद्ध पाण्याने विसळून उलटी वाळवा. निळं पाणी रात्रभर तसंच राहिलं तर आत पातळ थर बसतो.

आता कोल्हापूरचा मुद्दा. शहरात पंचगंगा-भोगावतीचं पाणी आहे, कळंब्याचं आहे, काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं आहे, आणि उपनगरांत बोअरचंही. पावसाळ्यात नदीला गाळ येतो, वर सगळा ऊसपट्टा, म्हणजे खत आलंच. फॉस्फेट, नायट्रेट आणि ऊन एकत्र आलं की काय होतं ते रंकाळा तलावाच्या काठावर उभं राहिलं की वेगळं शिकवावं लागत नाही. तेव्हा यंत्र हातात आल्यावर पहिली चाचणी टाकीच्या पाण्याची करू नका, भरणीच्या पाण्याची करा, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी जे घालता त्याची. गणित साधं आहे. १०० लिटरची टाकी, एप्रिल-मेमध्ये रोज २ लिटर पाणी उडतं. वाफ होताना मीठ आणि फॉस्फेट मागेच राहतात. समजा भरणीच्या पाण्यात ०.३ पीपीएम फॉस्फेट आहे, तर रोज ०.६ मिलिग्रॅम आत जातं. महिन्याला १८ मिलिग्रॅम, म्हणजे ०.१८ पीपीएम नुसत्या भरणीतून. असं असताना शेवाळाचं औषध शोधत फिरण्यात अर्थ नाही.

घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी घालतो, मग काळजी कशाची, असं उत्तर ठरलेलं. काळजी आहे. पिण्याच्या आरओत टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) जुळवायची चावी असते, ती थोडं कच्चं पाणी परत मिसळते. पुढे मिनरलची नळी असते. काही मॉडेलांत 'कॉपर'ची सोय असते, आणि तांबं म्हणजे प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय यांना विषच. उपाय मात्र स्वस्त आहे. मेम्ब्रेनमधून, म्हणजे आरओच्या मुख्य गाळणीतून, शुद्ध पाणी जिथे बाहेर पडतं, तिथेच, चावीच्या आणि साठवण टाकीच्या आधी, पाव इंची टी बसवून एक फाटा काढा आणि त्याला उरलेले क्षार धरून ठेवणारं, रंग बदलणारं डीआय रेझिन भरलेली नळी जोडा. मशीन बंद राहून चालू झालं की पहिलं लिटरभर पाणी डीआयमध्ये जाऊ देऊ नका, बादलीत सोडा. त्या पाण्याचा टीडीएस चढा असतो आणि रेझिन उगाच संपतं. डीआयनंतर टीडीएस शून्य यायला हवा. १-२ दिसायला लागला की रेझिन बदला, रंगाची वाट बघत बसू नका. संपत आलेल्या रेझिनमधून सिलिका सगळ्यांत आधी निसटते आणि टीडीएस मीटरला ती जवळपास दिसतच नाही. काचेवर आणि वाळूवर तपकिरी, बोटाने सहज पुसली जाणारी साय आली तर ते डायटम, म्हणजे सिलिकावर वाढणारं शेवाळ, आणि कारण बहुधा हेच. त्या शेवाळापुढे एचआय ७३६ काही कामाचं नाही.

म्हणून खरेदीचा क्रम: आधी टीडीएस मीटर आणि डीआय, मग नायट्रेटचं किट, मग हे यंत्र. उलटा क्रम लावणाऱ्याला आजार अगदी अचूक कळतो, कारण मात्र कळत नाही.

यंत्राची एक मर्यादा नीट समजून घ्यावी लागते. ते पाण्यात विरघळलेलं मोकळं फॉस्फेट मोजतं. सेंद्रिय रूपातलं मोजत नाही, आणि शेवाळाने गिळलेलं तर नाहीच. दगडांवर बोटभर लांब हिरवं केसाळ शेवाळ डोलतंय आणि पडद्यावर ६ आलंय, यात यंत्र खोटं बोलत नाही. आलं तेवढं शेवाळाने खाल्लं. अशा वेळी आकडा सोडून हाताने शेवाळ उपटायला लागायचं. जुना टूथब्रश आणि सायफनची नळी एकत्र धरून, म्हणजे निघालेलं थेट बादलीत जातं, टाकीभर पसरत नाही. उपटल्यावर दोन आठवड्यांनी येणारा आकडा जास्त बोलका असतो.

उलट बाजूही आहे. आकडा शून्यावर आणायचा हट्ट धरला तर प्रवाळ फिके पडतात आणि डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे चिवट सूक्ष्मजीव) येतात. बुडबुडे अडकलेले तपकिरी, शेंबडासारखे लोंबणारे धागे दिसले की समजायचं. केसाळ शेवाळ परवडलं, डायनो नको. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ च्या वर, दोन्ही जिवंत ठेवायची. नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट चढं असेल तर बहुधा लाल चादर, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, पसरते. तेव्हा नुसतं फॉस्फेट मोजून चित्र अर्धंच दिसतं.

फॉस्फेट खरंच चढं असेल, समजा पडद्यावर ६५ (०.२० पीपीएम), तर २० टक्के पाणी बदलल्याने ते कागदावर ०.१६ होतं. दोन दिवसांनी मोजा, पुन्हा चढलेलं दिसेल. दगड आणि वाळूने महिनोन्‌महिने साठवलेलं फॉस्फेट ते परत पाण्यात सोडतात. फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे, म्हणजे जीएफओ, वापरायचे तर पाकिटावरच्या मात्रेच्या अर्ध्यापासून सुरुवात करा, लाल गढूळ पाणी यायचं थांबेपर्यंत डीआयच्या पाण्याने धुवा, आणि रिअॅक्टरमध्ये, म्हणजे दाण्यांतून पाणी फिरवणाऱ्या नळकांड्यात, दाणे नुसते हलतील एवढाच प्रवाह ठेवा. जोराने घुसळले तर एकमेकांवर घासून त्यांची भुकटी टाकीत येते. जीएफओ चालू असताना अल्कलिनिटीही (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) मोजत राहा, ती घसरू शकते. ०.२० वरून ०.०८ ला यायला महिना लागला तरी चालेल. आठवड्यात आणाल तर प्रवाळ मुळापासून पांढरे पडतात. फॉस्फेट बांधणारं लँथॅनम क्लोराइड जलद काम करतं, पण त्याचा पांढरा साका ५-१० मायक्रॉनच्या पिशवीत अडवावा लागतो आणि तो साका माशांच्या कल्ल्यांना चांगला नाही. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

२०० च्या वर गेलं की आकडा लुकलुकतो. मग एक भाग टाकीचं पाणी आणि तीन भाग डीआयचं मिसळून मोजा आणि उत्तराला ४ ने गुणा. 'सी१'लाही तेच मिसळलेलं पाणी ठेवा. चूकही चारपट होते, पण एवढ्या चढ्या आकड्याला ते चालतं.

याच कंपनीची आणखी दोन यंत्रं दुकानदार पुढे करतात. एचआय ७७४ थेट फॉस्फेट पीपीएममध्ये दाखवतं, रेंज ०.०० ते ०.९०, अचूकता ±०.०२ अधिक ५ टक्के. २३ पीपीबीच्या आसपास दोघांच्या चुकीचा पट्टा जवळपास सारखाच पडतो. गुणाकाराचा कंटाळा असेल, किंवा टाकीत फक्त मासे असून फॉस्फेट नेहमी चढंच राहत असेल, तर ७७४ बरं. ७३६ चा फायदा खालच्या टोकाला, कठीण प्रवाळ पाळणाऱ्याला. एचआय ७१३ ची अचूकता ±०.०४ अधिक ४ टक्के, म्हणजे आपल्याला हवा असलेला पट्टा त्या चुकीतच बुडतो. नळाचं किंवा बोअरचं पाणी तपासायला ठीक, खाऱ्या टाकीला नको. तिघांची पाकिटं वेगवेगळी असतात, अदलाबदल चालत नाही. ऑर्डर देताना नंबर नीट वाचा.

आंबा घाटाने रत्नागिरीहून कॅन भरून समुद्राचं पाणी आणणाऱ्यांना मात्र ७३६ चा खरा उपयोग. खाडीच्या तोंडाजवळचं पाणी आणि मोकळ्या किनाऱ्याचं पाणी यांत फरक असतो, आणि पावसाळ्यात तर क्षारताही उतरते. प्रत्येक खेपेचं पाणी रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) आणि या यंत्राने फॉस्फेट बघूनच टाकीत घाला.

यंत्राला एक ट्रिपल ए सेल लागतो, तो कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो. पाकिटांचं तसं नाही. ती सहसा मागवावी लागतात, एका खोक्यात २५ येतात, आठवड्याला एक धरली तर सहा महिने पुरतात. घेताना खोक्यावरची मुदत बघा, आणि एकदम तीन खोकी घेऊ नका. पाऊस लागला की हवेतली ओल पाकिटांपर्यंत पोचते. झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. गठ्ठे झालेली पावडर वापरू नका, त्या चाचणीचा आकडा वहीत लिहायच्या लायकीचा नसतो.