‘अजून पिकली नाहीत’ म्हणत बुडवलेला संत्र्याचा सौदा

आंबिया बहाराची नागपुरी संत्री जानेवारी-फेब्रुवारीत फुलतात आणि आठ-नऊ महिन्यांनी, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, तोडणीला येतात, हे विदर्भातल्या बागायतदाराला सांगावे लागत नाही. तरीही नेमक्या याच गोष्टीचा आधार घेऊन एका व्यापाऱ्याने मला ३,०७,००० रुपयांना बुडवले.

बागेचा सौदा ४,२०,००० रुपयांना ठरला होता. इसार ५१,००० मिळाला आणि बाकी रक्कम ‘फळे पिकल्यावर, तोडीच्या वेळी’ द्यायची असे कागदावर आले. (असे कधीही लिहू देऊ नका, तोडीची शेवटची तारीख घाला.) नोव्हेंबरच्या पहिल्या तोडीत त्याच्या माणसांनी मोठी, एकसारखी फळे निवडून नेली आणि उरलेल्या झाडांकडे पाहत तो म्हणाला, “भाऊ, ही अजून हिरवी आहेत. साखर भरू द्या, मग तोड आणि हिशेब एकदमच करू.” शंका यायला हवी होती ती त्या क्षणी, कारण हे बोलताना तो त्याच ‘कच्च्या’ झाडावरचे फळ सोलून फोडी चवीने खात होता. सालीला रंग चढतो तो रात्रीच्या गारव्याने. थंडी लांबली तर आतून गोड झालेले संत्रेही हिरवट दिसते. रसातली साखर मोजणाऱ्या माझ्या रिफ्रॅक्टोमीटरवर रस १०.५ अंश ब्रिक्स (गोडीचे माप) दाखवत होता, पण “यंत्रावर बाजार चालत नाही” म्हणून त्याने ते हसण्यावारी नेले. मला भोळा म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की त्याचे निम्मे बोलणे खरे होते: संत्रे आंब्यासारखे तोडल्यावर पिकत नाही, त्याची गोडी झाडावर भरेल तेवढीच.

डिसेंबरात दर उतरले आणि त्याचा फोन लागेनासा झाला. सैल सालीचे हे फळ तयार झाल्यावर फार काळ झाडावर राहिले की साल फुगते, रस कमी होतो, गळ सुरू होते. जानेवारीत उरलासुरला माल मी ६२,००० रुपयांना विकला. शिवाय पुढच्या आंबियाची फुले यावीत म्हणून झाडांना पाणी तोडून ताण द्यायचा तो याच दिवसांत; फळे लटकत असताना पाणी तोडणार कसे? तो बहारही विस्कटला, आणि त्याची किंमत वरच्या आकड्यात धरलेली नाही.

पोलीस ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ असे ऐकवून तक्रार घेण्याचे टाळले गेले. बाजार समितीने सौदा आवाराबाहेर झाल्याचे कारण दिले, जणू बागा आवारातच उगवतात. कृषी कार्यालयात नुकसान गारपिटीचे की किडीचे, एवढेच विचारण्यात आले. माणसाने केलेल्या नुकसानीसाठी त्यांच्या अर्जात रकानाच नव्हता. वकिलाने नोटीस पाठवली, ती ‘पत्त्यावर राहत नाही’ या शेऱ्यासह परत आली, आणि त्या व्यापाऱ्याचा परवाना कोणाच्या नावावर आहे हे सांगायला आजवर एकही टेबल तयार नाही.

परवान्याची प्रत इसार घेण्याआधी मागा. पहिल्या तोडीचे पैसे खात्यात आल्याशिवाय गाडी बांधाबाहेर जाऊ देऊ नका. हा गृहस्थ आता फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होणाऱ्या मृग बहाराचे सौदे करीत फिरत असल्याचे कानावर आले आहे, आणि तिथेही तो रंग येईपर्यंत थांबायलाच सांगतो आहे.