गाडीची घरघर शोधणारा सहा माइकांचा संच: काही महिने वापरल्यावर

आधी निकाल सांगतो. संच कामाचा आहे, पण आवाज नेमका केव्हा येतो हे ज्याला सांगता येत नाही त्याने घेऊ नये.

संच म्हणजे सहा चिमटे. प्रत्येकात बारीक माइक आणि त्याची लांब वायर. सगळ्या वायरी एका डबीत येतात, डबीवर चॅनेल बदलायचं बटण आणि हेडफोनची जागा. चिमटे गाडीखालच्या संशयित भागांना लावायचे, वायरी आत घ्यायच्या, एकाने गाडी चालवायची आणि शेजारच्याने एकेक चॅनेल ऐकायचं. माइकपर्यंत आवाज धातूतून पोचतो, त्यामुळे केबिनमध्ये कानाला जे वाटतं त्याहून वेगळंच काही ऐकू येतं.

मी तो घेतला माझ्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅकसाठी. गाडी चांगली तापली आणि वेग ६०च्या पुढे गेला की पुढून दबकी घरघर सुरू व्हायची, मध्येच विरायची, परत यायची. गॅरेजच्या दारात अर्थातच चिडीचूप. एका मेकॅनिकने टायर बदला म्हटलं, दुसऱ्याने गिअरबॉक्सचं नाव काढलं. गिअरबॉक्स म्हटलं की पोटात गोळा येतोच.

खरं काम चिमटे लावायच्या आधी झालं. मोकळ्या सरळ रस्त्यावर आवाज चालू असताना क्लच दाबून गाडी न्यूट्रलला टाकली. इंजिन आयडलला उतरलं, घरघर मात्र तशीच, आणि वेग उतरेल तशी तीही उतरत गेली. म्हणजे इंजिन, त्याची माउंटिंग, अल्टरनेटर, सायलेन्सर हे सगळे एका झटक्यात संशयातून सुटले. उरलं ते चाकाबरोबर फिरणारं. ड्राइव्ह शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला सीव्ही जॉइंट, म्हणजे वाकता सांधा, गेला असता तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर थरथर वाढली असती आणि पाय काढल्यावर बसली असती. इथे पाय दाबा नाहीतर काढा, काही फरक नाही. खाल्लेल्या टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो, काँक्रीटवर एक आणि गुळगुळीत डांबरावर दुसरा. तरी खात्रीसाठी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून पाहिले. घरघर जागची हलली नाही.

मग वळणं. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर जातो, उजवीकडे वळते तेव्हा डाव्या. लांबलचक डाव्या वळणावर आवाज चढायचा, उजव्या वळणावर जवळजवळ बंद व्हायचा. अधूनमधून येतो असं जे आम्ही इतके दिवस म्हणत होतो, त्यामागे रस्त्याचे बाक होते. हलका बाकही पुरायचा. अशी खूण दिसली की संशय बाहेरच्या, म्हणजे भार झेलणाऱ्या बाजूच्या चाकाच्या बेअरिंगवर. पण गाडीत बसलेल्या सगळ्यांचं एकमत होतं की आवाज डावीकडून येतो. इथे संचाची गरज पडली.

दोन्ही पुढच्या नकलवर (चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं तो लोखंडी भाग), ब्रेकचा कॅलिपर धरणाऱ्या एकाच जागी, एकेक चिमटा लावला. जागा तंतोतंत तीच हवी, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. डाव्या चॅनेलवर नुसती रस्त्याची सळसळ. बटण फिरवलं आणि उजवीकडून कोरड्या वाळूत लोखंड घोळवावं तसा खरखराट कानात शिरला. माइकचाच दोष नको म्हणून चिमट्यांची अदलाबदल केली, तरी खरखराट उजवीकडेच. आवाज बॉडीच्या पत्र्यातून फिरून भलत्याच कोपऱ्यातून बाहेर पडतो, तेव्हा केबिनमधल्या एकमताला फार किंमत देऊ नये.

शेवटची खात्री फुकटातली आहे. गाडी जॅकवर उचलून खाली स्टँड लावले, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली, एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. उजव्या स्प्रिंगमधून बोटांना बारीक कणकण लागत होती, डाव्या स्प्रिंगमधून काहीच नाही. चाकात खेळ, म्हणजे सैलपणा, अजिबात नव्हता. चाक वर-खाली हलवून बघणाऱ्या मेकॅनिकने बेअरिंग चांगलं आहे म्हणून सांगितलं होतं ते त्यामुळेच. बेअरिंग खेळ पडण्याच्या बरंच आधी आवाज करू लागतं.

नवं बेअरिंग प्रेसवर बसवलं. त्याच्या एका सीलमध्ये एबीएसचं (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचं) चुंबकी कडं असतं, ती बाजू सेन्सरकडे यायला हवी. उलटं बसलं तर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळं परत खोलावं लागतं. ॲक्सलचा नट टॉर्क रेंचनेच, मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळून घ्या. तेव्हापासून घरघर नाही.

नंतर संच घरच्यांच्या आणि मित्रांच्या गाड्यांना फिरला. बहिणीच्या गाडीत २००० आरपीएमच्या आसपास, उभ्या गाडीतही, तडतड व्हायची. सायलेन्सरवरची हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारा पत्रा, सैल होती, एका चॅनेलमध्ये सापडली. अशा कामाला संच झकास.

थरथरीला मात्र तो कुचकामी. मित्राच्या गाडीचं स्टिअरिंग ९०ला थरथरायचं. १८५/६५ आर १५ टायरचा घेर साधारण १.९५ मीटर. ९० किमी वेगाला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, म्हणजे चाकाचे सेकंदाला जवळपास १३ फेरे. १३ हर्ट्झ कानाला ऐकूच येत नाही, माणसाचा कान साधारण २०च्या पुढे ऐकतो. तिथे फोनमधल्या ॲक्सिलरोमीटरचं ॲप सरस. फोन पक्का बसवून आलेख पाहिला तर टोक १३च्याच आसपास, एका फेऱ्याला एक झटका, म्हणून आधी बॅलन्सिंग करून घेतलं आणि तिथेच प्रकरण मिटलं. टोक त्याच्या तिप्पट असतं तर तीन रोलरच्या आतल्या सीव्ही जॉइंटकडे पाहिलं असतं. वेग तोच ठेवून गिअर बदलल्यावर टोक सरकलं, तर मामला इंजिनचा.

तक्रारी आहेतच. चिमट्यांची पकड गंजक्या किंवा जाड भागावर बसत नाही, खड्ड्यात एखादा निसटतो आणि पुढचा अर्धा तास तुम्ही हवेचा आवाज ऐकत बसता. वायरी दर हातभर अंतरावर केबल टायने बांधाव्या लागतात, टायर, शाफ्ट आणि सायलेन्सरपासून लांब. तेवढ्यात निम्मा उत्साह जातो. चालवणाऱ्याने हेडफोन घालायचे नाहीत. बरोबर कोणी नसेल तर डबीच्या हेडफोनच्या जागी रेकॉर्डर जोडा, प्रत्येक चॅनेलसाठी तोच रस्ता त्याच वेगाने पार करा आणि गाडी बाजूला उभी करून मग ऐका.